फ्रिजमधली गरम मासोळी

आसगावात मासोळी चांगली रांधणाऱ्या बायका घरोघरी होत्या, पण शिळी मासोळी टिकवावी ती मनकर्णाबाईंनीच, असं सगळं गाव म्हणायचं. आणि गाव म्हणायला विसरलंच तर मनकर्णाबाई स्वतः आठवण करून द्यायच्या. ताजी मासोळी काय, कोणीही रांधतं, असं त्यांचं मत होतं. खरा रस्सा तिसऱ्या दिवसाचा. तोवर मसाला काट्यापर्यंत पोचलेला असतो, चिंचेचा तोरा उतरलेला असतो आणि तुकडा मात्र पहिल्या दिवशीसारखा अख्खा राहिलेला असतो. तो अख्खा ठेवणं हेच त्यांचं काम होतं.

उन्हाळ्यात गावच्या तलावाचं पाणी उतरलं की ढिवर जाळं टाकायचे आणि एका दिवसात घरोघरी इतकी मासोळी यायची की दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाची फुकट जायची. मनकर्णाबाईंची कधी गेली नाही. त्या मातीच्या गाडग्यात रांधायच्या. पहाटे एक उकळी, दिवेलागणीला एक उकळी, आणि डाव म्हणून आत घालायचा नाही. गाडगं दोन्ही हातांनी काठाला धरून नुसतं गोल फिरवायचं, म्हणजे रस्सा हलतो, तुकडा हलत नाही. मग मुंग्यांसाठी ते पाण्याच्या परातीत ठेवायचं, वर टोपली पालथी घालायची आणि मांजरासाठी टोपलीवर दगड. त्यांचा नवरा म्हणायचा, या बाईनं मासोळीची जेवढी निगा राखली तेवढी माझी राखली असती तर मी शंभर वर्षं जगलो असतो. तो गेला त्याला दोन वर्षं झाली होती. पण मनकर्णाबाई हे वाक्य अजून सगळ्यांना सांगायच्या आणि सांगताना हसायच्याही.

एकुलता मुलगा ताराचंद वरठीला लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता. स्टेशनजवळ दोन खोल्या घेऊन बायकोसह राहायचा. धानाची शेती दीर मधुकरराव बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करत होते, म्हणजे आसगावात मनकर्णाबाईंना अडकून राहावं असं काही उरलं नव्हतं. ताराचंद दर सणाला म्हणायचा, ‘माय, चाल आता माह्यासंगं.’ मनकर्णाबाई जायच्याही. पण चार दिवस झाले की त्यांना आसगावची कोंबडी आठवायची, नाहीतर तुळशीपुढचा दिवा, आणि त्या परतायच्या. कोंबडी मधुकररावांकडे मजेत होती आणि दिवा जाऊ लावत होती, हे ताराचंदलाही माहीत होतं. तरी तो बिचारा त्यांना एस.टी.त बसवून द्यायचा.

खरं कारण मनकर्णाबाई कोणाला सांगत नव्हत्या. वरठीला त्यांना काही कामच नव्हतं. पाणी नळाला, पीठ गिरणीत, सून हाताला चटपटीत. सकाळी उठून बसावं, जेवून बसावं, बसून बसून निजावं. जन्मभर कामात बुडालेल्या बाईला कोणी ‘तुमी बसा नं’ म्हटलं की तिला हाकलल्यासारखं वाटतं. मुलाच्या घरी आपण पाहुण्या आहोत आणि पाहुण्याच राहणार, ही त्यांची भीती होती. म्हणून त्या नेलेलं बोचकं कधी पुरतं सोडायच्या नाहीत. लागेल तेवढं लुगडं ओढून काढायचं आणि गाठ पुन्हा मारायची.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, या वेळी रिकाम्या हातानं जायचं नाही. वाट्याला आलेल्या दोन दांडग्या कतल्यांचा रस्सा त्यांनी भिवापुरी मिरची घालून रांधला, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, मोठ्या डब्यात भरला आणि झाकणाखाली कोळशाचा तुकडा ठेवला. रांधलेली मासोळी घेऊन वाटेनं निघालं की ज्यांचं नाव घेऊ नये ते मागे लागतात, आणि कोळसा असला की लागत नाहीत, हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. कोळशानं बाकीची मंडळी लांब ठेवली, पण एस.टी.तली माणसं काही लांब राहिली नाहीत. पवनीपासून भंडाऱ्यापर्यंत सगळी गाडी त्यांच्या मांडीवरच्या डब्याकडे बघत होती. कंडक्टरनं तर तिकीट देताना विचारलं, ‘बाई, कतला हाये का रोहू?’ मनकर्णाबाईंची मान त्या दिवशी बरीच ताठ होती.

वरठीला पोचल्या तर बाहेरच्या खोलीत, जिथे मागच्या खेपेला त्यांची खाट होती, तिथे एक पांढरं कपाट उभं. वर विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. सुनेच्या वडिलांनी, पवनीच्या केशवरावांनी, लेकीला फ्रिज दिला होता. केशवराव व्यापारी माणूस. दिलेली वस्तू दिसली पाहिजे अशा जागी ठेवा, असंही ते सांगून गेले होते.

चंद्रकांतानं, म्हणजे सुनेनं, सासूच्या हातातून डबा घेतला, कोळसा निमूटपणे स्टोव्हमागे ठेवला, रस्सा गंजात, उभ्या पातेल्यात, ओतला, कपाटाचं दार उघडलं आणि गंज आत ठेवून दिला.

‘आत्याबाई, आता तुमाले काही कराचं नाई,’ ती हसून म्हणाली. ‘याच्यात ठेवलं का झालं. आठ दिवस काही होत नाई.’

बोलणं प्रेमाचं होतं. पण मनकर्णाबाईंना ते असं लागलं की रात्री जेवताना मुलगा बोटं चाटत होता तरी त्यांचं लक्ष त्या कपाटाकडेच होतं. त्यांची अख्ख्या आयुष्याची कमाई त्या कपाटानं एका दारामागे टाकली होती. बरं, ते कपाट बसल्या जागी गुरगुरायचंही.

पहाटे सवयीनं जाग आली. घर निजलेलं होतं. मनकर्णाबाई खाटेवर बसल्या आणि त्यांना गंज आठवला. पहाटेची उकळी राहिली होती. सून म्हणते काही करायचं नाही. पण सुनेचं वय ते काय, आणि त्या कपाटाचं तर त्याहून कमी. त्यांनी हळूच दार उघडलं, गंज काढला. थंडगार. रश्श्यावर चरबीची साय धरलेली. हे बघून त्यांना त्या मासोळीची दया आली. वातीचा स्टोव्ह लावून त्यांनी रस्सा खळखळ उकळला, गंज काठाला धरून फिरवला आणि होता तसा नेऊन ठेवला. स्टोव्ह पुसला, काडेपेटी जागेवर ठेवली आणि खाटेवर येऊन आडव्या झाल्या. या घरात पहिल्यांदाच काहीतरी केल्याचं समाधान त्यांच्या अंगभर पसरलं.

संध्याकाळी चंद्रकांता नळावर गेली तशी दिवेलागणीची उकळी द्यायला त्या पुन्हा उठल्या. गंजाला हात लावला आणि दचकल्या. गंज कोमट होता.

पहाटेची उकळी इतका वेळ टिकणं शक्य नव्हतं. मनकर्णाबाईंनी कपाटाकडे नीट पाहिलं. दाराशी कान लावला, तर ते गुरगुरतच होतं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या मागच्या बाजूला गेल्या आणि भिंतीच्या फटीतून हात घातला. मागच्या काळ्या जाळीला चांगली ऊब होती. झालं. सगळा उलगडा झाला. या कपाटाच्या पाठीमागे विस्तव होता, आणि ते दिवसभर बसून त्यांची मासोळी गरम करत होतं.

अशा शोधानं एखादी बाई खूश झाली असती. मनकर्णाबाईंना रडू यायला लागलं. गार ठेवतं ते ठेवतं, वरून गरमही करतं. म्हणजे त्यांच्यासाठी पहाटेची उकळीसुद्धा या यंत्रानं ठेवली नव्हती. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, पुन्हा एकदा गंजाला हात लावला आणि जरा धीर आला. यंत्र कामाला होतं, पण आळशी होतं. कोमट करून सोडून देत होतं. उकळी त्याच्याच्यानं येत नव्हती. तेवढं काम त्यांनी पदर खोचून पुरं केलं.

इकडे चंद्रकांताचा चेहरा दुसऱ्या दिवसापासून उतरलेला. ती सारखी फ्रिजचं दार उघडायची, आत हात घालायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. शेजारीण बर्फ मागायला आली तर ‘आज नाई झाला’ म्हणून तिला वाटेला लावलं. मनकर्णाबाईंना वाटलं, सून नव्या वस्तूचं कौतुक करते आहे. दुपारी जेवण झाल्यावर त्या शेजारच्या ओट्यावर लिंबाच्या सावलीला जाऊन पडायच्या, त्यामुळे घरात दुपारी काय चालतं ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. रात्री जेवायच्या वेळी तर चंद्रकांता अख्खा गंज स्टोव्हवर चढवायची आणि त्यात डाव घालून खालपासून वरपर्यंत ढवळायची. ते बघून मनकर्णाबाईंचा जीव कासावीस व्हायचा. पण पाहुण्या बाईनं यजमानिणीच्या डावाला बोलू नये, म्हणून त्या दुसरीकडे बघायच्या.

तिसऱ्या दिवशी ताराचंद कामावरून आला तो घरात शिरतानाच म्हणाला, ‘आज तिसरा दिवस हाये माय. आज खरी मासोळी.’ हातपाय धुऊन तो पाटावर बसला. चंद्रकांतानं भातावर रस्सा वाढला. ताराचंदनं भातात बोटं फिरवली. मग पुन्हा फिरवली. एक पाठीचा काटा हाताला लागला, तो त्यानं ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा ठेवला. रस्सा पिठल्यासारखा दाट झाला होता आणि तुकडा म्हणून औषधालाही नव्हता.

‘माय,’ तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ‘मासोळी परत तलावात गेली का व? कपडे तेवढे इथंच टाकून गेली दिसते.’

कोणी हसलं नाही. चंद्रकांता खाली मान घालून भात वाढत होती. मनकर्णाबाईंच्या कानशिलापर्यंत लाज चढली. उभ्या जन्मात त्यांची मासोळी मोडली नव्हती. टिकवण्याचा एवढा बोभाटा, त्या नावावर एस.टी.त मान ताठ केली, आणि मुलाच्या ताटात काटे. इथे काही करायला नाही म्हणून त्या आजवर कुढत होत्या. आता करायला गेलेलंही फसलं. मग राहायचं कशाच्या जोरावर?

‘मी उद्या जातो बाबू,’ त्या म्हणाल्या. ‘कोंबडी काय करत असन का माहीत.’

ताराचंदनं एकदा आईकडे बघितलं, एकदा बायकोकडे. ‘थांब नं व माय. उद्या सकाळी मेकॅनिक येऊन रायला भंडाऱ्याहून. हिचा फ्रिज बिघडला म्हंते. हिनं तं काल जेवन बी केलं नाई. बापानं देलेली वस्तू ना.’

फ्रिज बिघडला हे ऐकून मनकर्णाबाईंना, खोटं कशाला बोला, किंचित बरं वाटलं.

सकाळी त्या नेहमीसारख्या उठल्या. बोचक्याची गाठ पक्की केली. मग गंजात उरलेला तो काट्यांचा गाळ आठवला. फेकायला हात होईना. जाता जाता शेवटची उकळी द्यावी म्हणून त्यांनी स्टोव्ह लावला, आणि इतका वेळ लावून उकळला की रस्सा नुसता रटरटत होता. तोच ओट्यावर सायकल टेकल्याचा आवाज आला. मेकॅनिक भल्या सकाळीच उगवला होता. मनकर्णाबाईंनी घाईनं गंज कपाटात सारला, दार लावलं आणि काही घडलंच नाही अशा थाटात खाटेवर जाऊन बसल्या.

मेकॅनिक हातात पिशवी घेऊन आला. जाडा, घामाघूम, बोलका माणूस. चंद्रकांतानं पदर नीट करत सगळं सांगितलं, की याच्यात ठेवलेलं गरम होतं. सकाळी बघावं तर गरम, संध्याकाळी बघावं तर गरम.

‘बाई, पंधरा वरसं झाली मले,’ मेकॅनिक म्हणाला. ‘गरम करनारा फ्रिज म्या पह्यला नाई. पाहू द्या.’

त्यानं दार उघडलं. आतून वाफेचा एक लोट आला, आणि चिंचेचा, मिरचीचा, कतल्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. मेकॅनिक एक पाऊल मागे सरला. चष्मा वाफेनं आंधळा झाला होता, तो त्यानं काढून शर्टाला पुसला. मग गंजाचं झाकण उचललं. आत बुडबुडे अजून फुटत होते.

‘हे तं उकळून रायलं,’ तो हळूच म्हणाला.

 ताराचंदनं हळूच स्टोव्हकडे पाहिलं, मग खाटेकडे. मनकर्णाबाई जमिनीकडे बघत होत्या. नातवाच्या वयाचं पोर चोरी करताना सापडावं तशी त्यांची गत झाली होती.

‘म्या ठेवला,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळची उकळी देल्ली. रोजच देतो. सांजेलेही देतो. पन तुमच्या त्या कपाटात अदुगरच विस्तव हाये, म्या हात लावून पह्यला मांगून. ते दुपारी आपल्या मनानं गरम करते. म्या सांजेले काढलं तं कोमट राह्ये.’

‘दुपारी तं...’ चंद्रकांता म्हणाली आणि थांबली. तिचे डोळे भरून आले होते. ‘दुपारी म्या गरम करत होतो, आत्याबाई. तुमी ओट्यावर गेल्या का.’

‘तू? तू काहून? तूच तं म्हनली का आठ दिवस काही होत नाई.’

‘लाइन जाते येते इथं, मंग फ्रिज बंद पडते. मले भेव वाटे. पह्यल्यांदा तुमी एवढ्या दूरून मासोळी आनली, आन् ते माह्या घरी बिघडली असती तं तुमी पुन्हा कायले आल्या असत्या? आन् सकाळी हात लावला तं गरम. मले वाटलं, गेला बाबाचा फ्रिज. म्हनून अजून जास्त गरम करो.’

ताराचंदनं बोटांवर हिशेब करायला घेतला. पहाटे माय, दुपारी बायको, संध्याकाळी माय, रात्री पुन्हा बायको, तेही ढवळून.  तो उंबऱ्यावर बसून इतका हसला की पिशवी आवरत असलेला मेकॅनिकही हसायला लागला. चंद्रकांता रडत रडत हसली. मनकर्णाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या सुनेकडे बघत होत्या. ही पोरगी दोन दिवस चोरून स्टोव्ह लावत होती, ते आपण परत यावं म्हणून. हे त्यांना अजून पुरतं उमगत नव्हतं.

मेकॅनिकनं चहा घेतला आणि जाताना दोघींना समोर उभं करून सांगितलं, ‘पाहा बाई. रांधलं का थंड होऊ द्याचं, मंग याच्यात ठेवाचं. अख्खा गंज गरम नाई कराचा. उद्या जेवढं खाचं हाये तेवढं येगळ्या वाटक्यात काढून ठेवाचं, तेवढंच काढाचं, तेवढंच गरम कराचं, खाऊन मोकळं व्हाचं. बाकीच्याले हात नाई लावाचा.’ मग मनकर्णाबाईंकडे वळून अदबीनं म्हणाला, ‘मावशी, वास मात्र लय भारी होता.’

सकाळची गाडी केव्हाच निघून गेली होती. बोचकं खाटेवर बांधलेलंच होतं, आणि मनकर्णाबाई ‘आता उद्याच्या गाडीनं’ म्हणून मोकळ्या झाल्या. बोललेला शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कोंबडीचं नाव घेऊन झालं होतं, आता कोंबडीसाठी जाणं भाग होतं. ताराचंदनं वाद घातला नाही. दुपारी भंडाऱ्याच्या बाजारातून झिंगे मात्र भरपूर घेऊन आला. ‘जाच हाये तं जाय,’ तो म्हणाला, ‘पन मले तुकडा दाताखाली येऊ दे, मंग जाय.’

झिंगे मनकर्णाबाईंनीच रांधले. चंद्रकांतानं पाट्यावर मसाला वाटून दिला. दिवेलागणीला तिघं जेवायला बसली आणि ताराचंदनं तिसऱ्यांदा भात घेतला. तरी गंजात बरंच उरलं. मनकर्णाबाई हात धुऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. रस्सा थंड झाला तशी चंद्रकांतानं एक वाटका घासून पुसून आणला, गंजाजवळ बसली आणि डाव उचलला. मग डाव तसाच हातात धरून ती थांबली.

‘आत्याबाई,’ ती वर न बघता म्हणाली, ‘उद्यापुरतं येगळं काढून ठेवतो. दोघांपुरतं काढू, का तिघांपुरतं?’

ताराचंद पान लावत होता. त्याचा हात चुन्याच्या डबीवर थांबला.

 मनकर्णाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, सुनेजवळ येऊन बसल्या आणि तिच्या हातातला डाव काढून घेतला. ‘असा नाई घालत व,’ त्या म्हणाल्या. ‘झिंगा मोडते.’ त्यांनी गंज काठाला धरून एकदा गोल फिरवला, झिंगे वर आले, मग डाव कडेनं अलगद उतरवला. एक डाव वाटक्यात गेला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी जरा थांबून हिशेब विचारायच्या आवाजात विचारलं, ‘सकाळी गरम कोन करन?’

‘तुमी,’ चंद्रकांता म्हणाली.

‘आन् दुपारी?’

‘कोनीच नाई.’

‘आन् सांजेले?’

‘तवा उरनच नाई तं काय गरम करता? तिघं हावो ना आपुन.’

मनकर्णाबाईंनी तिसरा डाव भरला, जरा शिगोशीगच भरला, आणि वाटक्यात सोडला. मग वाटका नेऊन स्वतःच्या हातानं त्या कपाटात ठेवला, आणि दार लावण्याआधी आत हात घालून एकदा बघितलं. चांगलं गारेगार होतं.